सव्वादोन तोळ्यांची गोळी

लेखाचे नाव वाचून नेहमीच्या वाचकांना वाटेल की बाई आता सोन्याच्या भावावर लिहायला लागल्या, किंवा औषधाच्या गोळ्यांवर. माझे वय पाहता दुसरी शंका जास्त रास्त आहे. पण ही गोळी खरोखरच बंदुकीची आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, शुद्ध शाकाहारी अशा माझ्यासारखीचा हिच्याशी काय संबंध, असा प्रश्न पुण्याच्या वन्सं नक्की विचारतील, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

२०२४ साली जून ते नोव्हेंबर मी अलास्कात, अँकरेजला लेकीकडे होते. त्या गावात मूस नावाचा प्राणी आपल्याकडच्या गायीगुरांसारखा रस्त्यावरून हिंडतो, अंगणातली झुडपे खातो आणि कोणी हटकले तर ढिम्म हलत नाही. हरणांच्या कुळातला हा सर्वांत मोठा प्राणी. तिथला पूर्ण वाढलेला नर १२०० ते १६०० पौंडांचा, म्हणजे साडेपाचशे ते सव्वासातशे किलोंचा असतो. एका मोठ्या नराचे साधारण ५०० पौंड मांस मिळते आणि त्यावर एखाद्या घराचा सगळा हिवाळा निघतो. तिथे शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक नाही, बेगमी आहे. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया करतो तशी. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे, हे ऐकून मला जरा बरे वाटले.

लेकीच्या शेजारी एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ राहतात. एकटेच असतात. मी त्यांना मनातल्या मनात शेजारीबुवा म्हणते. माझा नातू अठरा वर्षांचा, तिथेच वाढलेला. शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला होता आणि सप्टेंबरात बुवांबरोबर पहिल्यांदा मूसच्या शिकारीला जायचे ठरले होते. रायफल बुवांची, वापरायची नातवाने. बुवांचे हात आता कापतात. शेजारच्या शेडमध्ये उन्हाळाभर काडतुसे तयार करण्याचा उद्योग चालू होता. एका संध्याकाळी नातू मला म्हणाला, "आजी, चल ना, तुला एक गंमत दाखवतो. तुझ्या बाबांच्या दुकानासारखा तराजू आहे तिकडे."

माझे वडील कोल्हापुरात सोनारकाम करीत, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. बुवांच्या टेबलावर खरोखरच एक छोटा दांडीचा काटा होता, फुंकर घातली तरी हलणारा. त्यावर ते शिशाच्या गोळ्या तोलत होते. वजनाचे माप होते ग्रेन, म्हणजे धान्याचा दाणा. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. हा ग्रेन शब्द ऐकून मला एकदम वडिलांची आठवण झाली, कारण कंपनी सरकारने १८३३ साली आपला तोळा पक्का केला तो १८० ग्रेनवर, आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. म्हणजे एक मासा बरोबर १५ ग्रेनचा. बुवांनी काट्यावर ठेवलेली गोळी ४०५ ग्रेनची होती. मी मनात भागाकार केला. दोन तोळे तीन मासे, सव्वादोन तोळे बरोबर! एवढ्या सोन्यात एका मुलीचे लग्न उरकले असते.

हा ४०५ आकडा तसा जुना आहे. अमेरिकन सैन्याने १८७३ साली एक काडतूस स्वीकारले, त्याचे नाव फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी. पंचेचाळीस म्हणजे नळीचा व्यास इंचाचे पंचेचाळीस शतांश, आणि सत्तर म्हणजे आत भरायची काळी दारू ७० ग्रेन. त्यात गोळी ४०५ ग्रेनची असे, पुढे ५०० ग्रेनचीही आली. दीडशे वर्षे झाली, सैन्याने ते कधीच सोडून दिले, पण शिकाऱ्यांनी सोडले नाही. बुवांची रायफल मार्लिन कंपनीची, १८९५ नावाची. चापाखालची तरफ खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. या नावाचे मूळ मॉडेल १८९५चे असले तरी फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटीसाठी ते कंपनीने नव्याने काढले १९७२ साली. गंमत पाहा, त्याच साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीची दारे मिटू लागली.

स्वतः काडतूस भरणे म्हणजे काय, हे मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून शिकले. वापरलेली पितळी नळी फेकायची नाही. ती स्वच्छ करायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. शेवटी नळीची कड गोळीच्या खाचेत आत वळवायची. हे शेवटचे काम मला न सांगता कळले, कारण ती थेट करंजीची मुरड आहे. करंजीची मुरड सुटली तर सारण तेलात जाते. इथे मुरड सैल राहिली तर वेगळा घोटाळा होतो. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या लांब नळीत एकामागे एक आडवी बसतात, आणि पुढून स्प्रिंग रेटत असते. प्रत्येक बाराच्या धक्क्याने ती एकमेकांवर आदळतात. मुरड घट्ट नसेल तर गोळी आत घसरते, दारूवरची जागा कमी होते आणि दाब वाढतो.

याच कारणाने गोळीचे नाकही चपटे लागते. आगगाडीच्या डब्यांसारखी काडतुसे ओळीत असल्यामुळे प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे नेमके त्या ठिणगीच्या टोपीवर टेकते. टोकदार कठीण गोळी घातली आणि धक्का बसला तर नळीतच स्फोट व्हायचा. अलीकडे मऊ रबरासारख्या टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, पण बुवांचा विश्वास चपट्या नाकावर.

आता मुख्य प्रश्न होता वजनाचा. बाजारात या नळीसाठी ३०० ग्रेनपासून ५०० ग्रेनपर्यंत आणि त्याहूनही जड गोळ्या मिळतात. नातवाचा ओढा ३००कडे. तरुण माणसाला वेग आवडतो. त्याने मला वहीत गणित करून दाखवले. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला २००० फूट वेगाने आणि ४०५ ग्रेनची १७२० फुटांनी निघाली, तर दोघींची ऊर्जा सारखीच येते, २६६० फूट-पौंडांच्या आसपास. "मग हलकी का नको? ती सरळही जास्त जाते," असे त्याचे म्हणणे. बुवांनी त्याच वहीत खाली दुसरा गुणाकार करायला सांगितला, नुसते वजन गुणिले वेग. त्यात जड गोळी सोळा टक्क्यांनी पुढे निघाली. ऊर्जेच्या गणितात वेगाचा वर्ग होतो, म्हणून तिथे वेगाचे पारडे जड होते. रेट्याच्या गणितात वजनाला न्याय मिळतो. शिवाय व्यास तोच आणि वजन जास्त म्हणजे गोळी लांब, आणि लांब गोळी आत शिरताना सहज थांबत नाही. मूसच्या खांद्याच्या हाडातून आणि दोन-अडीच फूट शरीरातून तिला जायचे असते. त्याच रानात तपकिरी अस्वलेही असतात, मांसाच्या वासाने येतात. तो विचारही होताच.

कागदावरचा वाद मिटेना, तेव्हा दोघांनी वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर पाण्यात भिजवले आणि सरावाच्या मैदानावर नेऊन त्यांवर गोळ्या झाडल्या. मग ते ओले गठ्ठे घरी आणून आम्ही तिघांनी पान-पान उकलून पाहिले. उत्खननच ते! ३०० ग्रेनची, टोकाला पोकळ असलेली गोळी पहिल्या काही इंचांतच फुटून पसरली होती. काट्यावर तिचा सर्वांत मोठा तुकडा निम्म्याहून थोडाच जास्त भरला. ती हरणासाठीच बनवलेली आहे, तिचा तो दोष नव्हे. तांब्याचा पातळ पत्रा आणि आत मऊ शिसे असलेली ४०० ग्रेनची गोळी छत्रीसारखी उमलली, बरीच आत गेली, पण तिनेही थोडे शिसे वाटेत सांडले होते. आणि ४०५ ग्रेनची, शिशात कथील आणि अँटिमनी घालून कठीण केलेली ओतीव गोळी सगळ्या गठ्ठ्यांतून पार निघून मागच्या मातीच्या बांधात सापडली, जवळजवळ होती तशी. नातू बराच वेळ ते तुकडे हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे आजी, निघताना किती वजन आहे ते नाही, पोचेपर्यंत किती राहिलंय ते बघायचं."

एक गोष्ट मात्र बुवांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. या काडतुसाच्या माहितीपुस्तकात दारूच्या प्रमाणाचे तीन वेगवेगळे भाग असतात. एक १८७३च्या घडणीच्या जुन्या, नाजूक बंदुकांसाठी, दुसरा यांच्यासारख्या तरफेच्या आधुनिक रायफलींसाठी आणि तिसरा त्याहून मजबूत एकबारी बंदुकांसाठी. काडतूस दिसायला तेच, पण तिसऱ्या भागातले प्रमाण पहिल्या बंदुकीत घातले तर ती हातात फुटेल. जड गोळी घातली की दारू कमी करावी लागते, तेही पुस्तकात पाहूनच, मनाने नाही. शिवाय भरलेल्या काडतुसाची लांबी २.५५ इंचांवर गेली तर तरफेच्या यंत्रात ते अडकते. म्हणून गोळी जितकी लांब तितकी ती नळीत खोल बसणार आणि दारूची जागा खाणार. शेडमध्ये बोलणे बंद, रेडिओ बंद, टेबलावर दारूचा एकच डबा, असा नियम होता. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही.

ओतीव गोळीला मेणाचे वंगण लावलेले असते. ते पाहून मला १८५७चा धडा आठवला. एनफिल्डच्या काडतुसाचा कागद दातांनी तोडावा लागे आणि त्याला गायीची-डुकराची चरबी लावतात या बोलवेवरून भडका उडाला. २९ मार्च १८५७ला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. हा धडा मी तीसेक वर्षे शिकवला असेन, पण गोळीला वंगण मुळात का लागते, हे एकाही मुलाने विचारले नाही आणि पुस्तकातही नव्हते. शिसे मऊ, नळीच्या आतले आटे पोलादी. वंगण नसेल तर शिसे आट्यांत चिकटून बसते. एनफिल्डची गोळी सुमारे ५३० ग्रेनची होती, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची. बुवांना मी ही सगळी हकीगत मोडक्या इंग्रजीत सांगितली. त्यांनी हातातली गोळी खाली ठेवून ऐकली.

लेकीला मात्र वेगळीच काळजी होती. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचे म्हणणे, "आई, शिसं मुलांच्या रक्तात किती असलेलं चालतं असं विचारशील तर उत्तर आहे, अजिबात नाही. मऊ गोळी फुटली की तिचा चुरा जखमेच्या भोवती मांसात पसरतो, डोळ्यांना दिसतही नाही." धाकटी नात सहा वर्षांची आहे, आणि घरात मांस आले की ते तिच्याही ताटात जाणार. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. मेलेल्या जनावरांच्या अवशेषांतले शिसे खाऊन काँडॉर जातीची गिधाडे मरत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. मला आपली गिधाडे आठवली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने ती संपत आली, आणि २००६ साली आपल्याकडे ते जनावरांसाठी बंद करावे लागले. देश वेगळे, विष वेगळे, पण मेलेल्या जनावराच्या पोटातून गिधाडापर्यंत पोचणारी वाट तीच.

"मग तांब्याची गोळी घ्या," असे लेक म्हणाली. नुसत्या तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या फुटत नाहीत, वजनही टिकवतात. पण तांबे शिशाहून हलके. शिशाची घनता ११.३, तांब्याची नऊच्या जरा खाली. त्याच व्यासात ४०५ ग्रेन बसवायचे तर तांब्याची गोळी शिशापेक्षा सव्वापट लांब होणार, आणि मग ती वर सांगितलेली लांबीची अडचण! म्हणून या रायफलीसाठी तांब्याच्या गोळ्या साधारण ३०० ग्रेनपर्यंतच्याच पाहाव्या लागतात. बुवांना ३०० हा आकडाच मानवत नव्हता. लेक ऐकायला तयार नव्हती. दोघांचेही बरोबर होते. शेवटी असे ठरले की यंदा कठीण ओतीव ४०५च न्यायची, जखमेभोवतीचे मांस हातभर काढून टाकायचे, आणि धाकटीला ते मांस द्यायचे नाही. लेकीला हे मनापासून पटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आता माझे सांगते. बुवांना काट्यावरची बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. एक दिवस त्यांनी मला विचारले, तुम्ही वाचाल का? मी लगेच हो म्हटले नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बाजूला होणाऱ्या घरातली मी. माझ्या हाताने तोललेली गोळी एका जिवाच्या काळजात जाणार होती. रात्री झोप लागली नाही. पण एक गोष्ट मला दिसत होती. मी काटा वाचला नाही म्हणून शिकार थांबणार नव्हती. फक्त एक गोळी दुसरीपेक्षा हलकी निघेल, चार बोटे इकडे-तिकडे लागेल, आणि ते एवढे मोठे जनावर पोटात शिसे घेऊन दोन दिवस रानात कण्हत फिरेल. अहिंसेच्या पुस्तकात याचे उत्तर असेल तर असो. मी सकाळी चष्मा पुसून शेडमध्ये गेले आणि साठ गोळ्या तोलल्या. ४०४ ते ४०६च्या मधल्या वेगळ्या काढल्या, बाकीच्या पुन्हा वितळवायला ठेवल्या. त्यांतली वीस काडतुसे रानात गेली.

जड गोळीची एक अट असते. ती लवकर खाली येते. १०० यार्डांवर नेम बरोबर लावलेली ही रायफल २०० यार्डांवर फूटभराहून जास्त खाली मारते. म्हणून नातवाने स्वतःच वहीत लिहून ठेवले होते, १२५ यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना नर दिसला. त्या भागात शिंगांचा पसारा ५० इंचांचा लागतो, तो होता. पण मध्ये दलदल, आणि अंतर बुवांच्या दुर्बिणीत २२० यार्ड. तासभर ते दोघे वाकून-रांगून पुढे जात राहिले. १६० यार्डांवर वारा फिरला, मूसने मान वर केली आणि तो शांतपणे विलोच्या झाडीत निघून गेला. त्यानंतर तीन दिवसांत काही दिसले नाही. नेलेली वीस काडतुसे वीसच्या वीस परत आली.

बुवांचा तो बहुधा शेवटचा हंगाम होता. फ्रीझर रिकामा होता, पुढे लांबलचक हिवाळा होता. मला वाटले, ते पोरावर चिडले असतील. मी नातवाला हळूच विचारले, "काही बोलले का रे?" तो म्हणाला, "त्यांनी फक्त विचारलं, किती यार्ड? मी म्हटलं, एकशेसाठ. ते म्हणाले, मग बरोबर." पुढे त्यांच्या एका ओळखीच्या माणसाने आपल्या मूसचा वाटा आणून दिला. तिकडे तशी रीत आहे.

मी वर्गात प्रामाणिकपणावर किती निबंध लिहून घेतले असतील! कोणी पाहत नाही, भूक खरी आहे, समोर हवे ते उभे आहे, आणि आपण वहीत लिहिलेल्या आकड्यासाठी हात आवरतो, असे उदाहरण मला त्यांत कधी देता आले नव्हते. ते शिकारीतून मिळेल असे मात्र वाटले नव्हते.

मी आता मिरजेला परत आले आहे. पुढच्या हंगामासाठी लेकीने तांब्याच्या ३०० ग्रेनच्या गोळ्यांची पेटी स्वतःच्या पैशांनी आणून बुवांच्या टेबलावर ठेवली. वर्तमानपत्रे पुन्हा भिजवून झाली. गोळी फुटली नाही आणि बरीच खोल गेली, असे नातू सांगतो. बुवा अजून हो म्हणालेले नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. परवा रविवारी त्यांनी फोनचा कॅमेरा काट्यासमोर धरायला लावला आणि मी इथून, सकाळचा चहा बाजूला ठेवून, रेघ वाचली. तीनशे. एक तोळा आठ मासे.